जावातला थ्रेड-सेफ सेट: लॉक कुठून कुठे सरकत गेला

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) ‘कॉन्करंटहॅशसेट’ नावाचा क्लास शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. मॅपसाठी, म्हणजे की (खूण) दिली की तिची व्हॅल्यू काढून देणाऱ्या रचनेसाठी, तसा क्लास आहे, रांगांसाठी तर हवे तेवढे आहेत. पण अनेक थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी, एकाच वेळी हात घालावा असा हॅशवर (वस्तूवरून काढलेल्या अंकावर) चालणारा सेट, म्हणजे प्रत्येक वस्तू एकदाच ठेवणारा संच, हवा असेल, तर मॅपच्या क्लासकडे जाऊन त्याची ‘न्यू-की-सेट’ ही मेथड बोलवावी लागते. नवख्याला हे आडवळण वाटतं, आणि ते आहेच. ते कसं आलं हे समजायला 1996 पर्यंत मागे जावं लागेल.

त्या वर्षी जानेवारीत जावाची पहिली आवृत्ती आली. थ्रेड ही सोय तिच्यात भाषेतच होती आणि प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक लॉक मिळत होता: एका थ्रेडने तो धरला की बाकीच्यांनी थांबायचं. मूळ कल्पना टोनी होअर आणि पेर ब्रिंच हॅन्सन यांनी सत्तरच्या दशकात मांडलेल्या ‘मॉनिटर’ची. फरक एवढाच, की त्यांच्या मॉनिटरमध्ये आतला डेटा लॉकशिवाय कुणाला शिवताच येत नसे. जावाने मात्र लॉक लावणारा ‘सिंक्रोनाइज्ड’ हा शब्द लिहायचा की नाही हे प्रोग्रामरच्या मर्जीवर सोडलं. ब्रिंच हॅन्सन यांनी 1999 मध्ये यावर जाहीरपणे कडक टीका केली. पुढचं सगळं पाहता ती अस्थानी नव्हती असंच म्हणावं लागतं.

पहिल्या आवृत्तीत सेट नव्हताच. ‘व्हेक्टर’ (यादी) आणि ‘हॅशटेबल’ (एक प्रकारचा मॅप) होते आणि दोघांच्या जवळपास प्रत्येक मेथडवर सिंक्रोनाइज्ड लावलेलं होतं. ज्याला सेट हवा तो हॅशटेबल घ्यायचा, कीच्या जागी आपली वस्तू ठेवायचा आणि व्हॅल्यूच्या जागी काहीतरी भरताड. ही युक्ती लक्षात ठेवा, ती शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

सगळीकडे लॉक लावल्याने दोन अडचणी झाल्या. एकटा थ्रेड असला तरी लॉकचा खर्च पडायचा, आणि तेव्हाच्या व्हर्च्युअल मशीनवर (जावाचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामवर) तो चांगलाच जाणवायचा. दुसरी अडचण जास्त गंभीर. समजा, एका बिल क्रमांकासाठी ग्राहकाला एकदाच एसएमएस जायला हवा. कोड असा असतो: क्रमांक संचात आहे का बघा, नसेल तर टाका आणि एसएमएस पाठवा. पहिल्या थ्रेडने विचारलं, उत्तर आलं ‘नाही’. तो क्रमांक टाकणार तेवढ्यात दुसऱ्याने विचारलं, त्यालाही ‘नाही’. दोघांनी क्रमांक टाकला, दोघांनी एसएमएस पाठवला. यात प्रत्येक मेथड आपापल्या जागी पूर्ण सुरक्षित, म्हणजे थ्रेड-सेफ, आहे. चूक दोन मेथडींच्या मधल्या फटीत आहे. ‘हॅशटेबल थ्रेड-सेफ असतं’ एवढं उत्तर पाठ करून मुलाखतीला येणाऱ्यांना ही फट विचारली की बहुतेक वेळा शांतता पसरते.

डिसेंबर 1998 मध्ये जावा 1.2 सोबत जोशुआ ब्लॉक यांनी आखलेलं कलेक्शन्स फ्रेमवर्क आलं आणि सेटला पहिल्यांदा स्वतःचं नाव मिळालं. ब्लॉक यांनी दोन निर्णय घेतले. पहिला म्हणजे लॉक काढून टाकला: ‘हॅशसेट’ थ्रेड-सेफ नाही, हे कागदोपत्री स्पष्ट लिहिलं. दुसरा निर्णय लहान दिसतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो. सेटची ‘ॲड’ मेथड खरं-खोटं परत करते. वस्तू नव्याने गेली तर खरं, आधीच असेल तर खोटं. वर सांगितलेल्या एसएमएसचा प्रश्न त्यातच सुटतो. आधी विचारायचंच नाही. थेट ॲड करा आणि खरं मिळालं तरच पाठवा. अट एकच, ॲड ही क्रिया आतून अखंड हवी, मधे दुसऱ्या थ्रेडला शिरता येता कामा नये.

ती अखंड व्हावी म्हणून ‘सिंक्रोनाइज्ड-सेट’ नावाचं वेष्टन दिलं गेलं. आत कुठलाही सेट, बाहेर एकच लॉक. मात्र संचावरून फिरताना लॉक तुम्हीच धरायचा, अशी तंबी त्याच्या दस्तऐवजात आहे, आणि ती न वाचणाऱ्यांची संख्या मोठी. मग फिरता फिरता कुणी मधेच बदल केला की ‘कॉन्करंट-मॉडिफिकेशन-एक्सेप्शन’ (चूक झाल्याचा इशारा) येतं. म्हणजे आलं तर नशीब. ते येईलच अशी हमी कुणी दिलेली नाही.

हॅशसेटच्या पोटात डोकावलं तर तिथे हॅशमॅप बसलेला दिसतो. प्रत्येक वस्तू की म्हणून जाते आणि व्हॅल्यूच्या जागी ‘प्रेझेंट’ नावाचा एकच रिकामा ऑब्जेक्ट सगळ्यांना पुरतो. हॅशटेबलवाली जुनी युक्तीच लायब्ररीने अंगीकारली म्हणा ना. त्यामुळे मॅपचे आजारही सेटला लागले. त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध असा: दोन थ्रेड एकाच वेळी भर घालत असताना टेबल मोठं करायची वेळ येते. हलवताना एका कप्प्यात साखळीने जोडलेल्या नोंदींचा क्रम उलटा व्हायचा, आणि दोघांनी एकदम हलवल्या की दोन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवत राहायच्या. त्यानंतर त्या साखळीत शोध घेणारा थ्रेड बाहेर येतच नसे. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, फक्त सीपीयू शंभर टक्क्यांवर. जावा 8 मध्ये क्रम न उलटता हलवायची पद्धत आली आणि हे विशिष्ट वर्तुळ बंद झालं. हॅशमॅप थ्रेड-सेफ झाला, असा त्याचा अर्थ नव्हे.

खरा पालट न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगो इथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या डग ली यांनी घडवला. थ्रेडसाठीच्या साधनांचं त्यांचं स्वतंत्र पॅकेज लोक आधीपासून वापरत होते. जेएसआर 166 या प्रस्तावातून ते सप्टेंबर 2004 मध्ये जावा 5 मध्ये आलं. सोबत जेएसआर 133 नुसार मेमरी मॉडेलही दुरुस्त झालं. एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसेल याचे जुने नियम सदोष होते, आणि त्या पायावर कुठलाही सेट भरवशाने उभा राहिला नसता.

या पॅकेजातल्या ‘कॉन्करंटहॅशमॅप’ने एका लॉकचे तुकडे केले, नेहमीच्या मांडणीत सोळा. रेल्वे स्टेशनवर एका खिडकीच्या जागी सोळा उघडाव्यात, तसं. लिहिणारे वेगवेगळ्या तुकड्यांत एकमेकांना अडवत नव्हते आणि वाचणाऱ्यांना सहसा लॉक लागतच नव्हता. सेटच्या वाट्याला मात्र आला फक्त ‘कॉपी-ऑन-राइट-ॲरे-सेट’. यात दर बदलाला आख्खी ॲरे (वस्तूंची ओळ) नव्याने कॉपी होते आणि वस्तू आहे का हे ओळीने शोधलं जातं. थोडे सभासद आणि क्वचित बदल असेल, उदाहरणार्थ लिसनरांची (काही घडलं की ज्यांना कळवायचं त्या भागांची) यादी, तर तो उत्तम. लाखभर बिलांसाठी निरुपयोगी. साहजिकच अनेक प्रकल्पांनी कॉन्करंटहॅशमॅपभोवती आपापला सेट लिहून घेतला.

डिसेंबर 2006 च्या जावा 6 ने ‘न्यू-सेट-फ्रॉम-मॅप’ दिलं: कुठलाही मॅप द्या, सेट घ्या. घरोघरी चाललेली युक्ती अधिकृत झाली. त्याच आवृत्तीत क्रमवार ठेवणारा ‘कॉन्करंट-स्किपलिस्ट-सेट’ आला. त्यामागची स्किप लिस्टची रचना (मधल्या नोंदी ओलांडत शोधता येणारी क्रमवार यादी) विल्यम प्यू यांनी मांडली होती आणि जुन्या मेमरी मॉडेलचे दोष चव्हाट्यावर आणणाऱ्यांतही तेच पुढे होते.

मार्च 2014 मध्ये जावा 8 आलं आणि कॉन्करंटहॅशमॅप आतून नव्याने लिहिला गेला. सोळा तुकडे गेले. आता रिकाम्या कप्प्यात पहिली नोंद लॉकशिवाय, कम्पेअर-अँड-स्वॅपने (‘जागा अजून तशीच असेल तरच बदला’ अशा एका अखंड क्रियेने) जाते. कप्पा भरलेला असेल तर फक्त त्याच्या पहिल्या नोडवर (नोंदीवर) लॉक लागतो. गंमत अशी की हा लॉक म्हणजे तोच जुना सिंक्रोनाइज्ड, ज्याच्यापायी हॅशटेबलची इतकी हेटाळणी झाली. मधल्या काळात व्हर्च्युअल मशीनने तो स्वस्त केला होता, आणि प्रत्येक कप्प्याला वेगळा लॉक-ऑब्जेक्ट ठेवण्यापेक्षा नोडचाच वापरला तर मेमरीही वाचते. न्यू-की-सेट याच आवृत्तीतलं. आतमध्ये व्हॅल्यूच्या जागी ‘ट्रू’ भरलेलं असतं.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्येही चित्र फारसं वेगळं नव्हतं. 2010 मध्ये डॉटनेट 4 ने ‘कॉन्करंट-डिक्शनरी’ दिली, बॅग दिली, रांग दिली, सेट नाही. तिथले लोक डिक्शनरीत व्हॅल्यू म्हणून एक बाइट भरून काम भागवू लागले.

न्यू-की-सेटमधून मिळालेल्या सेटवर ॲड आणि रिमूव्ह अखंड आहेत. फिरताना एक्सेप्शन येत नाही, पण मधेच झालेला बदल दिसेल किंवा दिसणारही नाही. इतर थ्रेड बदल करत असताना मिळालेला साइज हाती येईपर्यंत शिळा झालेला असू शकतो. आणि एका सेटमधून काढून दुसऱ्यात टाकायचं असेल, तर त्या दोन क्रियांभोवतीचा लॉक आजही प्रोग्रामरलाच लिहावा लागतो.