हाताखाली घेणारी माणसं: तरुणांना सिनेमापर्यंत नेणाऱ्या वाटांची पार्श्वभूमी

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती आणि चित्रपटसृष्टीतलं एकही माणूस त्यांच्या ओळखीचं नव्हतं. 'बायोस्कोप' साप्ताहिक ते वाचत असत. तेवढ्याच बळावर ते त्याच्या कचेरीत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ या अनोळखी परदेशी माणसाला खुला केला आणि काम कसं चालतं ते दाखवलं. फाळके कॅमेरा विकत घेऊन परतले. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

ही हकीकत सगळीकडे सांगितली जाते ती फाळक्यांच्या जिद्दीसाठी. ती जिद्द थोरच. पण एका जाणत्या व्यावसायिकाने नवख्याला आत घेतलं, हीदेखील भारतीय सिनेमाच्या जन्मकथेतली तेवढीच महत्त्वाची गोष्ट आहे. फाळक्यांनी ती लक्षात ठेवलेली दिसते. १९१७ मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' या छोट्या फिल्ममध्ये ते स्वतः पडद्यावर आले आणि आपलं काम प्रेक्षकांना करून दाखवलं. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेख लिहिले. गुपित राखून धंदा करण्याची पूर्ण सोय असताना त्यांनी ते उघड केलं, म्हणून या विषयाची सुरुवात त्यांच्यापासून करावीशी वाटते.

महाराष्ट्रात पुढची पिढी घडली ती कोल्हापुरात. बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. दोघांनी स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, बाबूरावांनी काम तडीस नेलं. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ही कंपनी म्हणजे एक तालीमच होती. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि त्यांच्या मागून आलेले व्ही. शांताराम तिथे तयार झाले. शांतारामबापू पडेल ते काम करत शिकले. सेट उभारणं, रसायनं हाताळणं, कॅमेऱ्याजवळ उभं राहणं आणि गरज पडली तर अंगावर पोशाख चढवून अभिनयही करणं, असा तो अभ्यासक्रम होता. १ जून १९२९ रोजी हीच मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली.

स्टुडिओच्या काळात शिकण्याची हीच रीत सगळीकडे रुळली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये हिमांशू राय यांनी फ्रान्झ ऑस्टेन, जोसेफ विर्शिंग अशा जर्मन जाणकारांना आणलं आणि त्यांच्या हाताखाली इथली मुलं तयार केली. अशोककुमार तिथे प्रयोगशाळेत सहायक होते, तिथून ते नायक झाले. चाळीसच्या दशकात गुरुदत्त प्रभातमध्ये करारावर काम करत होते. देव आनंद यांच्याशी त्यांची मैत्री तिथलीच. स्टुडिओत महिन्याचा पगार मिळे आणि शेजारच्या खात्यात काय चाललंय ते डोळ्यांनी दिसे. शिकणाऱ्याला पोटाची चिंता न करता चुका करता येत. माझ्या मते या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण हाच होता. दोष उघड होता: आत शिरायला ओळख लागे. नातलग, गाववाला, नाटक कंपनीतला जुना सोबती, यांच्याच शब्दावर दार उघडे. बाहेरच्या मुलीला किंवा गावकुसाबाहेरच्या मुलाला असा शब्द टाकणारं माणूस मिळणं फार अवघड होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी विस्कटली. युद्धकाळात बाजारात आलेला पैसा सिनेमात शिरला, एकेका चित्रपटापुरते निर्माते उभे राहिले, नटांना करारमुक्त राहून जास्त मोबदला मिळू लागला. पगारी माणसं सांभाळणारे स्टुडिओ एकामागून एक बसले. पन्नाशीच्या दशकात प्रभातही बंद पडली. स्टुडिओ गेले तशी त्यांच्यासोबत चालणारी तालीमही गेली. नव्याने येणाऱ्याला कुणाच्या हाताखाली उभं राहायचं हेच उरलं नाही.

सरकारने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५१ मध्ये आला. चित्रपटांचं शिक्षण देणारी संस्था हवी आणि चांगल्या चित्रपटांना कर्ज देणारी यंत्रणाही हवी, असं समितीने सांगितलं. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात यायला १९६० साल उजाडलं. मुंबईत फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आणि पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट. इन्स्टिट्यूटसाठी जागा मिळाली ती प्रभातचीच. ज्या फ्लोअरवर दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' उभा केला, तिथेच आता देशभरातून परीक्षा देऊन आलेली मुलं ट्रॉली ढकलू लागली. ओळखीच्या जागी परीक्षा आली, हा बदल लहान नव्हता. केरळातल्या खेड्यातला आणि राजस्थानातला मुलगा एकाच वर्गात बसू लागले.

तरी वर्ग उघडून सगळं होत नाही. त्या वर्गांत कोण उभं राहिलं हे महत्त्वाचं. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक साठच्या दशकाच्या मध्यावर थोडाच काळ पुण्यात होते, उपप्राचार्य म्हणून. त्या थोड्या काळात मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम असे पुढे दिग्दर्शक झालेले विद्यार्थी त्यांच्याभोवती जमले आणि जन्मभर त्यांचं नाव घेत राहिले. स्वतःच्या चित्रपटांना गर्दी न मिळालेला, आयुष्याने पोळलेला हा माणूस. पण मुलांना देताना त्याने हात आखडला नाही.

दुसरं नाव पी. के. नायर यांचं. १९६४ च्या फेब्रुवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्या वर्षी नायर तिथे रुजू झाले. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देशभरातून फिल्मचे डबे गोळा केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे आज जे तुकडे पाहायला मिळतात त्यामागे नायर यांची धडपड आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यांचं काम आणखी एका कारणासाठी मोलाचं होतं: ते चित्रपट दाखवत. इंटरनेट नव्हतं, कॅसेट नव्हती. बर्गमन किंवा ओझू अशा परदेशी दिग्दर्शकाचा चित्रपट पाहायचा तर नायर यांनी डबा काढून दिला तरच. रात्री उशिरापर्यंत स्वतः थांबून ते मुलांसाठी चित्रपट लावत. त्या अंधाऱ्या खोलीत किती दिग्दर्शक आणि संकलक घडले याची मोजदाद करता येणार नाही.

तिसरे प्रा. सतीश बहादूर. ते चित्रपट कसा पाहावा हे शिकवत. त्यांच्या आणि नायर यांच्या प्रयत्नांतून पुण्यातला फिल्म ॲप्रिसिएशनचा, म्हणजे चित्रपट रसास्वादाचा, उन्हाळी अभ्यासक्रम रुजला. शिक्षक, पत्रकार, बँकेत नोकरी करणारे, डॉक्टर, गृहिणी असे लोक त्याला येत. दिग्दर्शक व्हायचं नसलेल्यांनाही ही दृष्टी मिळाली, आणि ही माणसं आपापल्या गावी परतून फिल्म क्लब चालवू लागली.

बहादूर आणि नायर पुण्यापुरते थांबले नाहीत. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या छोट्या गावात के. व्ही. सुब्बण्णा यांनी 'नीनासम' ही संस्था वाढवली होती. तिथे सत्तरच्या दशकापासून त्यांच्या सहभागाने चित्रपटांची शिबिरं होऊ लागली, आणि सुपारीच्या बागांत काम करणारी माणसं जगातले अभिजात चित्रपट पाहून त्यांवर बोलू लागली. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा चित्रपटांसाठी खेड्यात प्रेक्षक नसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हेग्गोडूची माहिती जरूर काढावी. आपल्याकडे १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल अशा मराठी पत्रकार-लेखकांनी फिल्म सोसायटीची चळवळ इंग्रजी बोलणाऱ्या वर्तुळाबाहेर काढली. जागतिक सिनेमावर मराठीत बोललं, लिहिलं जाऊ लागलं ते अशा लोकांमुळे. त्याशिवाय मराठी माध्यमातल्या मुलाला या दुनियेत पाऊल टाकायला धीर झाला नसता.

शिकून बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न मात्र मोठा होता. मुंबईत इन्स्टिट्यूटच्या पदविकाधारकांना सुरुवातीला पुस्तकी समजलं जाई. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने काहींना कर्ज दिलं, मणी कौल यांचा 'उसकी रोटी' त्यातूनच झाला. काहींनी एकत्र येऊन वाट काढली. १९७६ मध्ये 'युक्त' या सहकारी गटाने विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' पडद्यावर आणलं. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी मिळून दिग्दर्शन केलं आणि पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीची नटमंडळी कॅमेऱ्यासमोर आली. तिकडे केरळात जॉन अब्राहम यांनी 'ओडेसा' हा गट उभारून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि 'अम्मा अरियान' केला. घटकांच्या वर्गातला मुलगा गावोगाव फिरून सिनेमासाठी पैसे मागतो, याचा मला फार आदर वाटतो.

लहान मुलांकडे लक्ष गेलं होतं, पण वेगळ्या नजरेने. १९५५ मध्ये चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी स्थापन झाली, केदार शर्मा तिचे पहिले दिग्दर्शक. तिने मुलांसाठी चित्रपट काढले आणि शाळाशाळांतून दाखवले. मुलांनी स्वतः चित्रपट काढावा, ही कल्पना त्या काळात झेपणारी नव्हती. फिल्म महाग, कॅमेरा महाग, धुलाई आणि प्रिंट त्याहून महाग. व्हिडिओ आला, मग डिजिटल कॅमेरा आणि शेवटी मोबाइल, तेव्हा कुठे खर्चाची ही भिंत खाली आली.

भिंत खाली आली म्हणून सगळे आपोआप आत पोचले नाहीत. इथे नागराज मंजुळे यांचं उदाहरण नीट पाहायला हवं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला हा मुलगा. मराठीत एम.ए. झाल्यावर त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाला (कम्युनिकेशन स्टडीज) प्रवेश घेतला. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून केलेला 'पिस्तुल्या' हा लघुपट. त्याला पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईबाहेरच्या एका महाविद्यालयात असा विभाग होता, हातात कॅमेरा देणारे शिक्षक होते, म्हणून ही वाट निघाली. मंजुळे यांच्या प्रतिभेचं कौतुक करताना त्या विभागाला विसरणं बरोबर नाही. प्रत्येक जिल्ह्यात असा एक विभाग असता तर आणखी किती नावं पुढे आली असती!

पुढे 'फँड्री'त त्यांनी करमाळ्याकडच्याच शाळकरी मुलाला नायक केलं, 'सैराट'साठी अकलूजची रिंकू राजगुरू निवडली. निर्माता झाल्यावर छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांना 'नाळ'मधून दिग्दर्शनाची पहिली संधी दिली. फिल्म इन्स्टिट्यूटनेही २०१७ पासून छोट्या मुदतीचे अभ्यासक्रम पुण्याबाहेर गावोगाव नेले, त्यांत मोबाइलवर फिल्म करण्याचेही होते. पाच-दहा दिवसांच्या शिबिराने दिग्दर्शक होत नाही हे खरं. पण काम करणाऱ्या माणसाला जवळून पाहिलं, प्रश्न विचारला, की आपणही हे करू शकतो असं वाटू लागतं, आणि त्या वयात तेवढंही पुष्कळ असतं.

चैतन्य ताम्हाणे यांची गोष्ट याच धाग्यातली, पण फार लांबवर जाणारी. त्यांच्या 'कोर्ट' या चित्रपटानंतर २०१६-१७ मध्ये एका मार्गदर्शन योजनेतून त्यांची निवड मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी केली, आणि मेक्सिकोत क्वारोन यांच्या 'रोमा'च्या सेटवर त्यांना जवळून काम पाहता आलं. पुढे ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाच्या पाठीशी क्वारोन कार्यकारी निर्माता म्हणून उभे राहिले. २०२० मध्ये त्याला व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. हेपवर्थ यांनी फाळक्यांना स्टुडिओ दाखवला त्याला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

व्यवसायाने दारं लावून घेतल्याचा इतिहासही इथे सांगायला हवा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्त्रियांना मेकअप आर्टिस्ट म्हणून संघटनेचं कार्ड मिळत नसे. केशरचना त्यांनी करावी, रंगभूषा पुरुषांनी, असा पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेला दंडक होता. चारू खुराना यांनी त्याविरुद्ध लढा दिला. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. शिकलेल्या, काम येणाऱ्या मुलीला न्यायालयात जावं लागलं, कारण तिच्याच क्षेत्रातल्या संघटनेने तिला जागा नाकारली होती.

आज दिसणारा अडसर पैशाचा आहे. खासगी संस्थांची फी काही लाखांत जाते आणि अनेक संघटनांचं सभासदत्वही स्वस्त नाही. सहायक दिग्दर्शक म्हणून उमेदवारी करणाऱ्याला कित्येकदा सुरुवातीला मानधन मिळतच नाही, किंवा महिन्याच्या प्रवासाला पुरेल इतकंच मिळतं. अंधेरी किंवा मालाडला खोली घेऊन वर्ष दोन वर्षं तसं राहणं परभणी किंवा गडचिरोलीच्या मुलीला परवडत नाही. ज्यांच्या घरचे तेवढे दिवस पोसू शकतात तेच टिकतात. जुन्या स्टुडिओत शिकाऊ माणसाला मिळणारा महिन्याचा पगार निर्मात्यांनी पुन्हा सुरू केला, प्रत्येक चित्रपटाच्या अंदाजपत्रकात दोन-तीन शिकाऊंच्या वेतनाची वेगळी ओळ ठेवली, तर या मुलांना सेटवर उभं राहता येईल. मराठी चित्रपटाला सरकारी अनुदान मिळतं. ही अट त्या अनुदानाला जोडायला हवी.