लक्स आणि मायक्रोमोल: मोबाईलवरचा आकडा रोपाच्या कामाचा आहे का?

उन्हाळ्यात लातूरला गच्चीवर मिरचीचं रोप तग धरत नाही. म्हणून प्रोट्रे (रोपं वाढवायचे खणांचे ट्रे) माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराच्या, आतल्या खोलीत ठेवले. खोली गार, पण उजेड येतो तो छताच्या साण्यातून (झरोक्यातून), तेवढाच. एका ट्रेवर पांढरी एलईडी पट्टी टांगली, दुसऱ्यावर रोपांसाठीचा लाल-निळा ग्रो लाइट, दिसायला जांभळा. मोबाईलच्या लक्स अ‍ॅपनं पांढऱ्याखाली 6,000 दाखवले, जांभळ्याखाली जेमतेम 1,500. जांभळा दिवा परत करायचं मी ठरवलंच होतं. पण पंधरा दिवसांनी जांभळ्याखालची रोपं बुटकी आणि जाड देठाची निघाली, पांढऱ्याखालची लांबट होऊन लवली.

अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट उजेड सगळ्यात प्रखर वाटतो, गडद लाल आणि निळा फिका वाटतो. लक्स मोजताना प्रत्येक रंगाला त्याच हिशेबानं वजन दिलेलं असतं. मायक्रोमोलमध्ये वजन नाही, नुसती मोजणी आहे: 400 ते 700 नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडले. पान याच कणांवर अन्न तयार करतं.

एका मायक्रोमोलला उन्हात साधारण 54 लक्स पडतात, पांढऱ्या एलईडीत 65 ते 70. पण 660 नॅनोमीटरच्या गडद लालमध्ये फक्त 7-8, आणि 630 च्या लालमध्ये तब्बल 34. म्हणजे माझे 6,000 लक्स जेमतेम 90 मायक्रोमोल होते, आणि जांभळ्याचे 1,500 त्याहून बरेच जास्त असू शकतात. नक्की किती, ते आत कुठले लाल बसवलेत त्यावर. म्हणून जांभळ्या दिव्याचे लक्स मी आता बघतच नाही.

मायक्रोमोल मोजणारा क्वांटम मीटर घ्यायचा तर हजारो रुपये लागतात, घरच्या चार ट्रेसाठी ते परवडत नाही. त्यापेक्षा पांढरी एलईडी घ्या, मग मोबाईल कामाचा ठरतो. आधी सेन्सर शोधा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. बोटानं झाकला की आकडा पडतो. त्यावर बटर पेपरचा तुकडा चिकटवा, कारण कडक उन्हात काही सेन्सर एका आकड्यावर अडकून बसतात. निरभ्र दुपारी फोन सूर्याकडं सरळ धरा. आपल्याकडच्या वैशाखातलं ऊन साधारण 1 लाख लक्सचं. कागदासकट फोननं 20,000 दाखवले, तर पुढच्या प्रत्येक आकड्याला 5 नं गुणा. कागद मात्र तोच ठेवा, काढून पुन्हा लावला की गुणक बदलतो.

मग फोन पानांच्या उंचीवर उताणा ठेवून मधे आणि चारही कोपऱ्यांत वाचा. गुणलेल्या आकड्याला 67 नं भागलं की मायक्रोमोल. मिरचीच्या रोपांना मी 200 धरतो, म्हणजे सुमारे 13,000 लक्स. चौदा तास दिवा चालला तर दिवसाचे 10 मोल होतात (1 मोल म्हणजे 10 लाख मायक्रोमोल). लोडशेडिंगमध्ये गेलेले तास रात्री भरून काढतो. माझ्या ट्रेच्या कोपऱ्यांत मधल्यापेक्षा निम्माच उजेड निघाला, तेव्हा दर दोन दिवसांनी ट्रे फिरवायला लागलो.