मृदेतील अन्नद्रव्यांचे संतुलन आणि वनस्पतींतील जैवभाराची वाटणी

मृदेतून मिळणाऱ्या अन्नद्रव्यांचे परस्परप्रमाण वनस्पतीच्या गरजेशी कितपत जुळते, यावरून मृदेतील अन्नद्रव्यांचे संतुलन ठरते. वनस्पती एकूण किती वाढेल हे या संतुलनावर अवलंबून असतेच. पण तयार झालेला जैवभार, म्हणजे कोरडे वजन, मुळे, खोड, पाने आणि बिया यांत कसा वाटला जाईल हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. हा दुसरा परिणाम मुळे जमिनीखाली असल्याने सहसा नजरेआड राहतो.

वनस्पतीच्या कोरड्या वजनाचा सुमारे ९५ टक्के भाग कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा असतो आणि ही मूलद्रव्ये तिला हवा व पाणी यांतून मिळतात. मृदेतून घेतली जाणारी १४ आवश्यक मूलद्रव्ये उरलेल्या अल्पशा भागात सामावलेली असतात. नीट पोसलेल्या वनस्पतीत नत्र (नायट्रोजन) साधारणपणे १.५ टक्के, पालाश (पोटॅशियम) १ टक्का आणि स्फुरद (फॉस्फरस) ०.२ टक्के असते, तर मॉलिब्डेनम दहा लाख भागांत जेमतेम ०.१ भाग असते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास मांडलेल्या आणि पुढे जर्मन रसायनतज्ज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी सर्वदूर पोहोचवलेल्या न्यूनतम नियमानुसार, गरजेच्या मानाने जे अन्नद्रव्य सर्वांत कमी पडते तेच वाढीची मर्यादा ठरवते. हा नियम आजही उपयोगी असला तरी अपुरा आहे. अनेक परिसंस्थांत नत्र आणि स्फुरद ही दोन्ही एकत्र दिल्यावर होणारी वाढ त्यांच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा अधिक असते. शिवाय एका द्रव्याचा अतिरेक दुसऱ्याची टंचाई निर्माण करतो: पालाश फार झाले की मॅग्नेशियमचे शोषण मंदावते आणि स्फुरद फार झाले की जस्त कमी पडू लागते. पाणथळ जागांतील वनस्पतींवरील प्रयोगांच्या आधारे १९९६ मध्ये असे मांडले गेले, की पाला-खोडातील नत्र व स्फुरद यांचे वजनी गुणोत्तर १४ पेक्षा कमी असल्यास वाढ नत्राअभावी आणि १६ पेक्षा जास्त असल्यास स्फुरदाअभावी अडलेली असते. इतर अधिवासांत हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वाटणीविषयीची मूळ कल्पना नेदरलँड्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राउवर यांनी १९६० च्या दशकात मांडली. पाने कार्बन मिळवतात आणि मुळे पाणी व खनिजे मिळवतात. ज्याचा पुरवठा तोकडा पडतो ते मिळवणाऱ्या अवयवाकडे वाढ झुकते. म्हणून सावलीतील रोप पाने व खोड यांवर अधिक खर्च करते, तर नत्र कमी असलेल्या मातीतील रोप मुळांवर. नत्राच्या टंचाईत प्रकाशसंश्लेषण मंदावण्याआधीच नव्या पानांची वाढ मंदावते, शर्करा शिल्लक राहते आणि ती मुळांकडे वळते. त्याच वेळी मुळांत तयार होऊन वर जाणाऱ्या आणि पाला-खोडाच्या वाढीला चालना देणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाचे प्रमाणही घटते. मात्र मुळांचा वाटा वाढला म्हणजे मुळे जास्त झाली असे नव्हे. रोप एकंदर लहान राहिल्याने मुळांचे प्रत्यक्ष वजन पुष्कळदा कमीच भरते.

अन्नद्रव्य कमी पडले की मुळे वाढतात, हे सरसकट विधान चुकीचे आहे आणि ते पाठ्यपुस्तकी सोपेपणामुळे टिकून राहिले आहे. नत्र, स्फुरद आणि गंधक यांच्या बाबतीत ते बहुतांशी खरे ठरते. पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडल्यास मात्र चित्र उलटते. पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांत भरली जाण्यासाठी ही दोन्ही द्रव्ये लागतात. ती नसली की साखर व स्टार्च पानांतच साचून राहतात, मुळांची उपासमार होते आणि त्यांचा वाटा घटतो. मॅग्नेशियम न मिळालेल्या घेवड्याच्या रोपात पाने पिवळी पडण्यापूर्वीच मुळे खुरटलेली आढळतात. म्हणजे ज्या द्रव्याच्या शोधासाठी मुळे वाढायला हवीत, त्याच द्रव्याच्या अभावी त्यांना वाढता येत नाही.

मुळांची रचनाही द्रव्यागणिक बदलते. ड्रू या संशोधकाने १९७५ मध्ये बार्लीच्या मुळाच्या केवळ मधल्या पट्ट्याला भरपूर नायट्रेट (नत्राचे एक रूप) दिले, तेव्हा तेवढ्याच पट्ट्यात उपमुळांची दाट झालर फुटली. अमोनियम (नत्राचे दुसरे रूप) आणि फॉस्फेट (स्फुरदाचे रूप) यांनीही तसेच घडले, पण पालाशने घडले नाही. स्फुरद मातीत फारच कमी सरकते. त्यामुळे मुळांना ते जेथे असेल तेथवर पोहोचावे लागते. त्यासाठी मूलरोम, म्हणजे मुळांवरचे बारीक केस, लांब व दाट होतात, बहुसंख्य वनस्पती कवकांशी (बुरशींशी) सहजीवन साधतात, तर पांढरा ल्युपिन ही शेंगवर्गीय वनस्पती झुबकेदार मुळे काढून सायट्रेट हे सेंद्रिय आम्लाचे रूप स्रवते आणि मातीने धरून ठेवलेले स्फुरद मोकळे करून घेते.

नत्र गरजेपेक्षा फार जास्त असल्यास तृणधान्यांत पाला माजतो, खोड उंच व कमकुवत होते, पीक लोळते आणि एकूण जैवभारातील दाण्यांचा वाटा घटतो.

वाटणीचे मोजमाप करताना दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात. पहिली म्हणजे आकार: बहुतेक रोपांत वयाबरोबर मुळांचा वाटा आपोआप कमी होत जातो, त्यामुळे एकाच दिवशी उपटलेल्या मोठ्या व खुरट्या रोपांची तुलना फसवी ठरते आणि ती समान वजनाच्या रोपांत करावी लागते. दुसरी म्हणजे मुळांची धुलाई: माती चाळणीवर धुताना सर्वांत बारीक मुळे तुटून वाहून जातात, आणि शोषणाचे बरेचसे काम त्याच मुळांकडे असते, म्हणून बारीक छिद्रांच्या चाळणीवर राहिलेले तुकडे चिमट्याने वेचून, सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, मुख्य मुळांच्या वजनात मिळवले जातात.