मीटरवर 62 दिसते तेव्हा

ग्लुकोमीटरवर 62 हा आकडा दिसला, म्हणजे रक्तातली साखर दर डेसिलिटरला नेमकी 62 मिलिग्रॅमच आहे असे नसते. घरगुती मीटरसाठी 2013 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर 100 पेक्षा कमी असताना शंभरातल्या किमान 95 मोजण्या प्रयोगशाळेतल्या आकड्यापासून 15 च्या आत वर किंवा खाली आल्या, तरी अचूकतेची अट पूर्ण होते. म्हणजे 62 मागची खरी साखर 77 असू शकते, तशीच 47 देखील असू शकते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत 70 च्या खाली लगेच उपाय करायचा असतो आणि 54 च्या खालची साखर गंभीर मानली जाते. म्हणून 62 ला ‘जरासे कमी’ म्हणून सोडून देऊ नये.

मीटरच्या पट्टीवरचे विकर (एन्झाइम) ग्लुकोजशी अभिक्रिया करते आणि त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मीटर मोजतो. त्यामुळे आंबा कापलेल्या बोटावरची साखरही रक्तातली म्हणून मोजली जाते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे ते यासाठीच. याहून अधिक काळजी वाटते ती रक्तक्षयाची. तांबड्या पेशी कमी असल्या की अनेक मीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात आणि उतरलेली साखर आकड्यामागे झाकली जाते.

म्हणूनच घाम, थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक किंवा बोलण्यातला गोंधळ जाणवत असताना मीटर 80 दाखवत असला, तरी शरीरावर विश्वास ठेवावा. मोजायला साधन जवळ नसेल, तर आधी साखर घ्यावी. याउलट, जुना मधुमेह असलेल्या काहींना ही लक्षणे जाणवतच नाहीत, आणि रक्तदाबावरच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या धडधड व थरथर दाबून टाकतात, घाम मात्र येतो. अशांच्या बाबतीत मीटरच आधार असतो.

उपाय म्हणून 15 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा 70 च्या वर गेला नसेल, तर तेच पुन्हा करावे. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मधुमेहासाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांच्या घरात मात्र नेहमीच्या साखरेवरही विसंबू नये, कारण ही औषधे आतड्यात तिचे विघटन रोखून धरतात. तिथे ग्लुकोज पावडरच लागते. तिचा पुडा उशाशी हवा. व्यक्ती बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता तिला कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकू शकतो, त्यामुळे आकडा सावरल्यावरही पोळी किंवा भाकरी खाऊन पुढचे काही तास मोजत राहावे आणि औषधाच्या मात्रेबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.