छापील गेलं, हातानं उतरवलेलं राहिलं

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला, हे आम्ही गोंयकार अभिमानानं सांगतो. पुढचं फारसं सांगत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं, मग १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. दहा हजारांवर ओव्यांचं पुराण आपल्यापर्यंत पोचलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे.

सिनेमाचीही तीच गत. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढीच हाती आहेत. 'आलम आरा' (१९३१) पूर्ण गेला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, तोवर नायट्रेटच्या कितीतरी फिती जळून नाहीतर कुजून संपल्या होत्या. तरी फीत सापडली की उजेडासमोर धरून चित्र दिसतं. गेमचं तसं नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेली टीव्ही गेमची एक पिवळी कॅसेट माझ्या माळ्यावर होती. वर '९९९९ इन वन', आत गेम पाच-सहाच. परवा उघडली. हिरवी पट्टी, तिच्यावर वाळलेल्या डांबरासारखा काळा थेंब, त्याखाली चिप. गोव्याच्या पावसाळ्यांनी तांब्याचे दात हिरवे करून टाकलेत. कॅसेट लागली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. तोंडातल्या ओलीनं दात आणखी गंजतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक! ते दात घासून चकचकीत केले तरी तिला तिचं मशीन लागतंच.

ही अडचण ओळखून इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये 'मेम' आणलं. नाणं टाकून खेळायच्या जुन्या आर्केड मशीनचं सोंग कॉम्प्युटरनं घ्यायचं, म्हणजे चिपमधून उतरवलेला गेम त्यावर चालतो. अशा प्रोग्रामला इम्युलेटर म्हणतात. जतनाचं पुष्कळ काम अशा हौशी लोकांनीच केलं, तेही बऱ्याचदा कायद्याच्या कुंपणावर बसून.

२०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमची पाहणी केली. ८७ टक्के गेम आज बाजारात मिळत नाहीत. या आकड्याशेजारी अमेरिकी मूकपटांचा आकडा ठेवतात: मूळ रूपात उरलेले १४ टक्के. मला ही जोडी थोडी फसवी वाटते. मूकपट नष्ट झाले. गेम बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या कपाटात आहेत, रीतसर मिळत नाहीत एवढंच. ग्रंथालयांनी अभ्यासकांना ते घरबसल्या उघडून पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. भीती अशी, की लोक करमणूक म्हणून खेळतील. ग्रंथालयातली कादंबरी मात्र करमणूक म्हणून खुशाल घरी न्यावी!

नव्या गेमची गाठ आणखी घट्ट आहे. 'द क्रू' या २०१४ च्या गेमचे सर्व्हर, म्हणजे तो चालवणारे कंपनीकडचे कॉम्प्युटर, ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि विकत घेतलेली डिस्क हातात असूनही एकट्यानं गाडी पळवणंही थांबलं. उतरवून घ्यायचा अर्धा भाग गिऱ्हाइकाच्या घरी कधी आलाच नव्हता.

माझी पिवळी कॅसेट मुळात चोरीचीच नक्कल. ती आता लागत नाही. तिच्यातला रणगाड्यांचा खेळ फोनवर लागतो.