साथ, स्थलांतरित आणि ‘पब्लिक चार्ज’चा नियम : पार्श्वभूमी

कोविडमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अमेरिकेतील लॅटिनो समाजात श्वेतवर्णीयांच्या सुमारे चौपट, तर कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी समाजांत सुमारे पाचपट असल्याचे जून २०२० मध्ये तेथील सरकारी आकडेवारीतूनच पुढे आले. नागपुरात ज्यांची मुले-सुना एच-१बी व्हिसावर तिकडे आहेत, त्या घरांत तेव्हा ग्रीनकार्डाची काळजी होती. पण ग्रीनकार्डाचा आणि या आकड्यांचा संबंध किती जवळचा आहे, हे आपल्याकडे फारसे बोलले गेले नाही.

‘पब्लिक चार्ज’ म्हणजे सरकारवर भार. असा भार ठरेल अशा व्यक्तीस अमेरिकेत प्रवेश नाकारण्याची तरतूद १८८२ च्या कायद्यातली; ग्रीनकार्डही याच कारणाने नाकारता येते. १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेग आला, तेव्हा मुंबईत विकसित झालेली लस टोचून घेण्याची सक्ती फक्त चिनी आणि जपानी रहिवाशांवर झाली व न्यायालयाने ती वंशभेदी ठरवून रोखली. १९९६ च्या कायद्याने बहुतेक नव्या ग्रीनकार्डधारकांना ‘मेडिकेड’पासून, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यापासून, पाच वर्षे दूर ठेवले.

खरा वाद पेटला तो २०१९ च्या नियमावरून. त्याने मेडिकेड, अन्नसाहाय्य आणि घरभाड्याची मदतही ‘भारा’त धरली आणि २४ फेब्रुवारी २०२० पासून, म्हणजे साथ दारात उभी असताना, त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ग्रीनकार्डाच्या अर्जासोबत आय-९४४ नावाचा नवा फॉर्म जोडावा लागे. त्यात उत्पन्न, कर्ज, क्रेडिट स्कोअर, आरोग्यविमा आणि घेतलेली सरकारी मदत असा सगळा हिशेब द्यायचा होता. गर्भवती आणि २१ वर्षांखालील मुलांच्या मेडिकेडला सूट होती, तरी भीती नियमाच्या अक्षरापुरती थांबली नाही. सूट असलेल्या मुलांचीही नावे पालकांनी योजनेतून काढली. कोविडची तपासणी आणि उपचार विरोधात धरले जाणार नाहीत, असा खुलासा १३ मार्चला संकेतस्थळावर आला खरा; पण ज्याला इंग्रजी धड वाचता येत नाही, त्या मांस कारखान्यातल्या कामगारापर्यंत तो कसा पोहोचावा? तेच कारखाने चालू ठेवण्याचा अध्यक्षीय आदेश एप्रिलअखेर निघाला. जुलैत एका न्यायालयाने साथ असेपर्यंत नियम थांबवला, सप्टेंबरात तो पुन्हा लागू झाला, आणि मार्च २०२१ मध्ये रद्द झाला. हे मागेपुढे होणेच रुग्णांना सर्वाधिक महागात पडले, असे माझे मत आहे.

आपल्याकडे वंशाचा प्रश्न नव्हता, कागदाचा होता. मे २०२० मध्ये राज्याने मोफत उपचारांची जनआरोग्य योजना पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपलीकडे नेली, तीही महाराष्ट्राची शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला असणाऱ्यांसाठी. नागपुरातल्या बांधकामांवर राबणाऱ्या छत्तीसगड आणि मध्य प्रदेशच्या अनेक मजुरांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांना सरकारी रुग्णालयाचाच आधार होता.

डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या अमेरिकी नियमाने दीर्घकालीन संस्थात्मक देखभाल वगळता मेडिकेड मोजणीतून काढले, मात्र १९९६ ची पाच वर्षांची अट त्याने हलवली नाही.