गेलेल्या दाढेचा भार कोण उचलतो?

एखादी दाढ काढावी लागली की निपाणी-खानापूरपासून बेळगाव शहरापर्यंत बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते : ‘मागची दाढ कुणाला दिसते? दुसऱ्या बाजूने चावता येते की!’ पैसे वाचतात हे खरे; पण तोंडातली रिकामी जागा रिकामी राहत नाही. मागची दाढ हळूहळू पुढे कलते, समोरच्या जबड्यातला दात टेकू गेल्यामुळे खाली किंवा वर सरकत येतो, फटीत अन्न अडकते आणि शेजारचे धडधाकट दात किडू लागतात. काही वर्षांनी तोच माणूस दंतवैद्याकडे येतो आणि विचारतो, ‘काढायचे-घालायचे दात बसवू की फिक्स?’ घरात याची चर्चा खर्च आणि सोय एवढ्यावरच होते. त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न भाराचा आहे : जी दाढ गेली तिच्यावर रोज पडणारा दाब यापुढे कोणाच्या अंगावर टाकायचा?

हे समजण्यासाठी दात जबड्यात कसा बसलेला असतो ते पाहावे लागते. तो हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत कोलॅजनचे असंख्य तंतू तिरके ताणलेले असतात. आपण चावतो तेव्हा दात या तंतूंवर तोलला जातो, त्यामुळे चावण्याचा दाब हाडापर्यंत बराचसा ताणाच्या रूपाने पोहोचतो. याच थरात दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. भाकरीतला बारीक खडा दाताखाली येताच जबडा आपोआप थबकतो तो त्यांच्यामुळेच. दात काढला की हा थर जातो आणि दातामुळे टिकून असलेले हाडही झिजू लागते. पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होऊ शकते, आणि यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही भीती मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यापायी कित्येक जण सडलेली दाढ तोंडात बाळगून दुखणे वाढवतात. मेंदूशी थेट जोडलेल्या मज्जातंतूंपैकी दातांची संवेदना नेणारा पाचवा आणि दृष्टीचा दुसरा, हे वेगवेगळे आहेत. दाढ काढल्याने नजर जात नाही.

आता ब्रिजकडे, म्हणजे ‘फिक्स’ दातांकडे, येऊ. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर कॅप बसवायची आणि त्या दोन कॅपना जोडून मधला खोटा दात अधांतरी ठेवायचा, अशी ही रचना असते. म्हणजे गेलेल्या दाढेचा सगळा भार शेजारच्या दोघांवर जातो. ते दोघे तो पेलतील का, याचा हिशेब आंटे या दंतवैद्याने १९२६ साली मांडला : आधाराच्या दातांच्या मुळांचे हाडातले एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतके किंवा त्याहून अधिक असावे. खालची पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, त्यामुळे किडायलाही तिलाच सर्वांत जास्त काळ मिळतो. तिच्या मुळांचे क्षेत्रफळ सरासरी ४३१ चौरस मिलिमीटर असते. तिच्या पुढच्या उपदाढेचे, म्हणजे लहान दाढेचे, २०७ आणि मागच्या दाढेचे ४२६, म्हणजे दोघांचे मिळून ६३३. हा ब्रिज निर्धास्तपणे करता येतो. पण त्या दाढेबरोबर पुढची उपदाढही गेलेली असेल, तर गेलेल्यांची बेरीज ६३८ होते आणि उरलेल्या आधारांची, म्हणजे पहिल्या उपदाढेच्या १८० आणि मागच्या दाढेच्या ४२६ यांची, केवळ ६०६. एकच दात जास्त गेला आणि हिशेब उलटला. आंटेचा नियम आज काटेकोर कायदा मानला जात नाही, कारण हिरड्या निरोगी राखल्या तर कमी आधारावरही ब्रिज टिकलेले दिसतात. तरीही पहिला अंदाज घ्यायला तो उपयोगी आहे.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. ब्रिज ही दोन खांबांवर टेकलेली तुळई आहे, आणि जुन्या कौलारू घरातल्या तुळईला लागू असणारा नियम तिलाही लागू होतो : मध्यावर भार दिला असता ती किती वाकेल, हे खांबांमधल्या अंतराच्या घनावर अवलंबून असते. एका दाताऐवजी दोन दातांचे अंतर असेल तर वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. तीन दातांचे असेल तर सत्तावीसपट. जाडीचा परिणाम याच्या उलटा आहे. जाडी निम्मी केली की वाक आठपट वाढतो. म्हणून झिजून ठेंगण्या झालेल्या दातांवर लांब ब्रिज घालणे धोक्याचे असते. प्रत्येक चाव्याला पट्टी किंचित वाकते, कॅपखालचे सिमेंट सुटते, वरचे पोर्सेलिन तडकते, आणि सुटलेल्या कॅपखाली दात कळेनासा किडत राहतो.

मागे खांबच उरला नसेल, म्हणजे शेवटच्या दोन-तीन दाढा गेल्या असतील, तर साधारणपणे काढता-घालता येणारी पार्शल, म्हणजे अर्धी कवळी, वापरतात. तिची अडचण निराळी आहे. ती पुढून दातावर टेकते आणि मागून हिरडीवर. निरोगी दात एका चाव्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात हलतो, हिरडी मात्र दशांशाच्या हिशेबात दबते. त्यामुळे पार्शल मागे खाली बसते आणि तिची कडी शेवटच्या दाताला उपटल्यासारखी ओढते. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांगाड्याची पार्शल अधिक चांगली ती यासाठी की तिच्यात दाताच्या माथ्यावर टेकणारे छोटे टेकू देता येतात, दाब दाताच्या मुळाच्या दिशेने जातो, आणि हिरडीवरचा तळ शक्य तितका रुंद ठेवून उरलेला भार पसरवता येतो. ‘तारेशिवाय, न मोडणारे, लवचीक दात’ अशी जाहिरात ज्यांची होते त्यांत बहुधा हे टेकू नसतात. दिसायला ते सुबक असतात, पण सगळा भार हिरडीवरच पडतो. रस्त्याकडेला बसून एका बैठकीत ‘फिक्स दात’ लावून देणाऱ्यांकडे तर जाऊच नये. ते तोंडातच अॅक्रिलिक ओतून तारेने शेजारच्या दातांना बांधतात, त्याखाली ब्रश पोहोचत नाही आणि हिरडी सडते.

टायटॅनियमचे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ, शेजारच्या दातांना हात न लावता थेट हाडाशी जुळते. मात्र त्याला तंतूंचा तो थर नसतो, म्हणून त्यावरचा चावा फार काळजीपूर्वक जुळवावा लागतो.

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू पिकतो आणि मिश्री लावण्याची सवयही जुनी आहे. मिश्रीने हिरड्या उतरतात, मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हिरडी उतरली की हाडात राहिलेले मूळ कमी होते; मग वरची ६३३ची बेरीज त्या तोंडात ६३३ राहत नाही. म्हणून माप घेण्याआधी एक्स-रे काढून मुळाभोवती हाड किती उरले आहे ते पाहून घ्यावे. बेळगावातच केएलई संस्थेचे विश्वनाथ कत्ती दंतमहाविद्यालय आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंतमहाविद्यालय आहे. दोन्हींकडे कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग आहे.

दाढ काढल्यावर लगेच कायमचा ब्रिज सहसा बसवत नाहीत, कारण खालचे हाड आणि हिरडी आक्रसत असते. आज टेकलेल्या खोट्या दाताखाली काही महिन्यांत फट पडेल. जखम भरून आकार स्थिरावेपर्यंत साधारण दोन-तीन महिने थांबतात आणि तोपर्यंत जागा राखायला तात्पुरता दात देतात. ब्रिज बसल्यावर खोट्या दाताखालून रोज बारीक ब्रश किंवा दोरा फिरवावा. पार्शल रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी, म्हणजे दबलेल्या हिरडीला विसावा मिळतो. ती पुढे सैल झाली तर दुकानातली चिकटवण्याची पावडर लावून भागवू नये : हाड आणखी झिजलेले असते, आणि तळाला नवा थर देऊन ती पुन्हा बसती करता येते.